दोन बॅटऱ्या, पण अर्थ एकच

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. चिखलीजवळच्या शेडमध्ये दोन सीटचं ॲल्युमिनियमचं किट विमान बांधताय. सांगाडा झाला, आता पॅनेलच्या वायरिंगला हात घालायचाय. वजनात साधारण सहा किलोची सवड आहे, म्हणून दुसरी बॅटरी टाकायची ठरवली आहे. ती कुठे जोडू, मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) घालू की रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच), आणि मास्टर स्विच एक ठेवू की दोन?

डायोड की रिले हे अर्ध्या तासात ठरतं, त्याकडे येतोच. पण त्याआधीचा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलेला दिसत नाही. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा, बंद पडल्यावर काय काय चालू राहायला हवं, किती वेळ, आणि दुसऱ्या वाटेत पहिल्या वाटेचं काय काय सामायिक आहे?

यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या सोसायटीचंच उदाहरण देतो. गुरुवारी लाईट जाते म्हणून लिफ्टसाठी जनरेटर घेतला, वर्गणी काढून. बाहेरून येणारी लाईन आणि जनरेटर दोन्ही एकाच चेंजओव्हर स्विचमधून जातात. एका गुरुवारी तो स्विचच जळाला. खाली जनरेटर धडधडतोय, संध्याकाळी बाहेरची लाईटही आली, आणि लिफ्ट मात्र दोन दिवस बंद. वीज दोन ठिकाणांहून येत होती, पण वाट एकच होती. गेल्या काही वर्षांत मी पाहिलेल्या घरगुती विमानांच्या आराखड्यांत निम्म्याहून जास्त वेळा हाच चेंजओव्हर स्विच कुठे ना कुठे लपलेला सापडला.

मी वायुदलात इलेक्ट्रिकल फिटर होतो, काही वर्षं लोहगावलाही होतो. निवृत्तीनंतर भोसरीत पॅनेल वायरिंगचं काम करतो. त्याच्या जोडीला पाच-सहा मायक्रोलाइट (अगदी हलकी विमानं) आणि घरी बांधलेल्या विमानांचं वायरिंग हातून झालं. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादवांनी विमान बांधलं आणि २०१७ मध्ये त्याची व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी झाली, तेव्हापासून असे प्रश्न घेऊन येणारे वाढलेत. सगळे इंजिन, रिव्हेट आणि परवानगीबद्दल भरभरून बोलतात, वायरिंग मात्र ‘शेवटी करू’ म्हणून ठेवतात. तुम्ही आधी विचारलंत हे बरं केलं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण तुम्ही इंजिनचं नावच लिहिलेलं नाही. दोन मॅग्नेटोचं लायकमिंग असेल तर मॅग्नेटो स्वतःची ठिणगी स्वतः बनवतो, बॅटरी असो वा नसो. कार्ब्युरेटरवाल्या रोटॅक्स ९१२ यूएलएसचंही तसंच. इग्निशनची वीज इंजिनातल्याच कॉइलमधून येते, मुख्य पेट्रोल पंप यांत्रिक असतो. अशा इंजिनाची सगळी वीज गेली तरी पंखा, म्हणजे प्रोपेलर, फिरत राहतो. तिथे बॅकअप म्हणजे फक्त रेडिओ आणि एक स्क्रीन, त्यासाठी ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी पुष्कळ झाली. खरं सांगायचं तर दिवसा, स्वच्छ हवेत उडणाऱ्याला बॅगेतला हँडहेल्ड रेडिओसुद्धा चालतो.

रोटॅक्स ९१२ आयएस ही वेगळी गोष्ट. ते इंजेक्शनचं इंजिन आहे, विजेशिवाय चालत नाही, म्हणूनच कंपनीने त्यात दोन जनरेटर दिलेत. एक इंजिनासाठी, दुसरा विमानासाठी, आणि इंजिनाचा गेला की दुसरा इंजिनाकडे वळतो. तिथे कंपनीचा आराखडा तारेला तार तसाच उतरवायचा, स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

पण तुम्ही ओघात एक वाक्य लिहिलंय, ‘दोन्ही फ्युएल पंप इलेक्ट्रिक आहेत’. त्यावरून माझा अंदाज असा की तुमचं इंजिन तिसऱ्या जातीचं आहे. इग्निशन इलेक्ट्रॉनिक, इंजेक्शन इलेक्ट्रॉनिक, पंप इलेक्ट्रिक, आणि अल्टरनेटर एकच. अशा विमानात वीज गेली की इंजिन गेलं. तिथे बॅकअप हा रेडिओचा प्रश्न राहत नाही. पुढचं सगळं हे धरून लिहितोय. अंदाज चुकला असेल तर सांगा, बरंच सोपं होईल.

सुरुवात कागदापासून करा, आणि कागदावर मोजलेले आकडे लिहा. पंपावर छापलेले अँपिअर आणि पंप खरोखर खातो ते अँपिअर यांत फरक असतो. मागे एका विमानावर क्लॅम्प मीटर लावून मोजलं, तेव्हा पंप साडेचार अँपिअर, ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक) आणि इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे) मिळून दोन, इग्निशन कॉइल दोन, रेडिओ आणि छोटी स्क्रीन मिळून दीड निघाले. झाले दहा अँपिअर. तुमचे आकडे वेगळे येतील, पण साधारण याच आसपास.

सहा किलोत १८ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी बसते. १८ भागिले १० म्हणजे पावणेदोन तास, असं तुम्ही म्हणाल. तसं होत नाही. अशा बॅटरीवर छापलेला आकडा वीस तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारा असतो. एका तासात ओढलीत तर हातात साधारण ११ अँपिअर-अवर येतात. त्यातून वय आणि उन्हाळा यांचे २० टक्के वजा करा. मार्च ते मे पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या विमानातली बॅटरी किती लवकर म्हातारी होते ते मी पाहिलंय. राहिली सुमारे पन्नास मिनिटं.

पन्नास मिनिटं पुरतील का, हे नकाशा सांगेल. समजा तुम्ही बारामतीहून कराडला निघालात. सरळ रेषेत सुमारे ११५ किलोमीटर. ताशी १६० च्या वेगाने अगदी मध्यावर बिघाड झाला तरी मागे किंवा पुढे साधारण बावीस मिनिटांत धावपट्टी. समोरून वारा, उतरण्याआधीचं एक चक्कर, घाबरून वाया गेलेली दोन मिनिटं धरली तरी पस्तीसच्या आत. म्हणजे पुरतील. पहिल्या बॅटरीत उरलेला वेळ मी या हिशेबात धरतच नाही, कारण बिघाड त्या बॅटरीतच झालेला असू शकतो. तो मिळाला तर बोनस.

आता जोडणी. कागदावर दोन उभे रस्ते काढा. डावीकडे अल्टरनेटर, मोठी बॅटरी, मास्टर कॉन्टॅक्टर (मास्टर स्विचने चालणारा मोठा रिले), मेन बस (जिथून उपकरणांना वीज वाटली जाते ती पट्टी). मेन बसवर पहिला पंप, पहिला ईसीयू आणि बाकीचं सगळं सामान. उजवीकडे छोटी बॅटरी, तिच्यापासून वीतभर अंतरावर फ्यूज, मग तिचा स्वतंत्र स्विच आणि तिची छोटी बस, ज्यावर दुसरा पंप आणि दुसरा ईसीयू. दोन्ही रस्त्यांना जोडणारा एकच पूल, म्हणजे डावीकडून उजवीकडे जाणारा डायोड. त्यातून छोटी बॅटरी चार्ज होते, पण तिची वीज डावीकडे परत वाहून जात नाही.

थोडक्यात, मास्टर दोन, आणि ते एकमेकांना माहीतही नसावेत.

डायोड शॉटकी जातीचाच घ्या. साध्या सिलिकॉन ब्रिजवर पाऊण-एक व्होल्ट पडतो, मग १४.२ च्या बसवरून बॅटरीला १३.४ मिळतात आणि ती कायम अर्धपोटी राहते. शॉटकीवर ०.४ च्या आसपास पडतो, १३.८ पोहोचतात, आणि लेड-ॲसिडला राखीव म्हणून भरलेलं ठेवायला तेवढेच लागतात. डायोडला हीट सिंक द्या, तो हाताला गरम लागतो. रिले मी इथे टाळतो, कारण रिलेला चालू-बंद कोणीतरी करावं लागतं, आणि तो ‘कोणीतरी’ म्हणजे पुन्हा एक सर्किट किंवा घाबरलेला माणूस.

डायोडची एक खोड मात्र लक्षात ठेवा. तो जळून उघडा पडला तर चार्जिंग बंद होतं, ते मीटरवर दिसतं. तो शॉर्ट झाला तर मात्र सगळं नेहमीसारखं चालतं, कुणालाच काही कळत नाही, आणि दोन रस्ते गुपचूप एक झालेले असतात. म्हणून उड्डाणाआधी मेन मास्टर बंद, फक्त छोटा स्विच चालू, आणि मेन बसचा व्होल्टमीटर बघायचा. तिथे शून्याजवळ काही दिसायला हवं. बारा दिसले तर त्या दिवशी उडायचं नाही.

एक अडचण तरी राहतेच. ईसीयू दोन असले तरी इंजेक्टरचा संच बहुतेक वेळा एकच असतो. त्याला वीज कुठून देणार? ही सामायिक जागा टाळता येत नाही. अशा जागेत मी हुशारी करत नाही. तांब्याची बोटभर पट्टी, तिला दोन्ही रस्त्यांकडून आपापल्या डायोडमधून आणि आपापल्या स्विचमधून फीड, आणि त्या पट्टीनंतर एकही स्विच नाही, कनेक्टर नाही, फक्त प्रत्येक तारेचा फ्यूज. मी दोन्ही फीड कायम चालू ठेवायला सांगतो, म्हणजे एक बाजू अचानक मेली तरी इंजिन उचकी देत नाही. अल्टरनेटर गेल्याचा दिवा लागला, आणि मेन बॅटरी बारा व्होल्टच्या वर स्थिर दिसली, तर उजवीकडचं फीड बंद करून ती बॅटरी राखून ठेवायची आणि डावी साडेअकराला आली की परत चालू करायचं. काही जण म्हणतात, विमानात असताना चालू इंजिनाच्या स्विचला हातच लावू नये, दोन्ही फीड तसेच राहू देत. त्यांचंही चूक नाही. वेळ थोडा कमी मिळतो, डोक्याला ताप कमी होतो. तुम्ही कसे पायलट आहात त्यावर ठरवा.

आता शीर्षकातल्या ‘अर्थ’कडे येतो, म्हणजे अर्थिंग, बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वाट. पॉझिटिव्हच्या तारांबद्दल सगळे दक्ष असतात. लाल रंग, फ्यूज, लेबल, सगळं नीट. निगेटिव्हला मात्र ‘बॉडीला मार’ म्हणून सोडून देतात.

काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी वायरिंग पूर्ण करून मला फक्त तपासायला बोलावलं होतं. काम सुबक होतं, केबल टायसुद्धा एका रेषेत कापलेले. इंजिन चालू केलं, मेन बंद करून दुसऱ्या बॅटरीवर घेतलं, छान चाललं. मग आरपीएम वाढवला तर इंजिन खोकायला लागलं. परत मेनवर घेतलं, तरी खोकतंय. ईसीयू बदलला, तरी खोकतंय. दीड तास गेला. शेवटी मल्टीमीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवला, दुसरा ईसीयूच्या अर्थ पिनवर, आणि इंजिन चालू असताना वाचलं तर सव्वा व्होल्ट! तिथे शंभर मिलिव्होल्टच्या आत हवेत. पॅनेलच्या मागे वाकून पाहिलं तर दोन्ही ईसीयू, दोन्ही पंप आणि इग्निशन, या सगळ्यांचे लग (तारेच्या टोकाच्या कड्या) एकावर एक रचून एकाच एम-६ च्या स्टडवर कसलेले. स्टडच्या खालचा प्रायमर खरवडलेलाच नव्हता, आणि स्प्रिंग वॉशर खिशातच राहिला होता. नट बोटाने फिरला. जमिनीवर होतो म्हणून हसलो. हवेत तो नट आणखी एक आटा सुटला असता तर दोन बॅटऱ्या, दोन पंप आणि दोन ईसीयू एकाच क्षणी गेले असते.

त्यामुळे छोट्या बॅटरीचा निगेटिव्ह वेगळ्या स्टडवर, फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पत्र्याच्या) वेगळ्या कोपऱ्यात. दुसरा पंप आणि दुसरा ईसीयू त्या स्टडवर. इंजिन ब्लॉकपासून फायरवॉलपर्यंत विणलेल्या पट्ट्या दोन, वेगवेगळ्या बोल्टवर. एका स्टडवर चारपेक्षा जास्त लग नकोत. खालचा धातू चकचकीत होईपर्यंत घासायचा, कसून झाल्यावर वरून सील करायचं, नाहीतर पुण्याचा एक पावसाळा पुरे आहे, ऑगस्टमध्ये तांब्यावर हिरवं चढलेलं दिसेल.

दुसरी सामायिक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे व्होल्टेज. रेग्युलेटर बिघडून अल्टरनेटर सोळा-अठरा व्होल्ट देऊ लागला तर डायोड ते आनंदाने पलीकडे पाठवतो. दोन्ही बॅटऱ्या आणि दोन्ही ईसीयू एकत्रच भाजतात. म्हणून सोळा व्होल्टला अल्टरनेटरचं फील्ड (त्याच्या आतल्या चुंबकाची वीज) आपोआप तोडणारं संरक्षण हवंच, आणि ते तोडता येईल असा बाहेरच्या रेग्युलेटरचा अल्टरनेटर हवा. गाड्यांचे आत रेग्युलेटर असलेले अल्टरनेटर स्वस्त मिळतात, पण एकदा सुरू झाले की बरेचसे बाहेरून बंद करता येत नाहीत. लिथियम बॅटरीचा मोह असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. वजन वाचतं खरं, पण तिच्यातलं संरक्षण सर्किट स्वतःच्या मर्जीने बॅटरी तोडू शकतं. दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या लिथियम घेतल्या तर दोन्ही एकाच कारणाने एकाच वेळी तुटू शकतात. निदान छोटी तरी लेड-ॲसिड ठेवा.

तारांबद्दल फार लिहीत नाही. पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रिकल सामानाच्या बाजारात, मी आयुष्य घालवलंय, तिथून स्विचचे नट, हीट श्रिंक, मल्टीमीटरचे सेल जरूर आणा. पण तिथली पीव्हीसीची ऑटो वायर विमानात नको. ती जळली की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर होतो, आणि कॉकपिट म्हणजे बंद डबा. टेफझेल वायर मागवा, २२७५९/१६ प्रकारची. २२ गेजला ५ अँपिअरचा फ्यूज, २० ला साडेसात, १८ ला १०. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, उपकरणाला नाही, हे एकदा डोक्यात बसलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. लग सोल्डर करू नका, रॅचेटच्या पक्कडीने क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा. सोल्डर तारेत वर चढतं, तिथे तार कडक होते आणि कंपनाने नेमकी त्याच कडेला तुटते.

इशारा देणारा दिवा पिवळा, मोठा, थेट नजरेसमोर. मेन बस १३ व्होल्टच्या खाली गेली की लागला पाहिजे. अल्टरनेटर चालू असेल तर बस १३.८ च्या वर असते, नुसत्या लेड-ॲसिडवर आली की १२.७ च्या खाली, त्यामुळे १३ ला गोंधळ होत नाही. लिथियमवर होतो, कारण ती एकटीच १३.३ दाखवते, तिथे अँपिअर मीटरही बघावा लागतो. दिवा नसेल तर अल्टरनेटर गेल्याचं तुम्हाला कळतं तेव्हा पहिली बॅटरी अर्धी संपलेली असते.

आणि दोन्ही बॅटऱ्या एकत्र करून रोज स्टार्टर मारायची सोय ठेवू नका, सगळ्यांना ती सुचते. मोठी बॅटरी थकली आहे हे कळण्याची एकमेव जागा म्हणजे सकाळचा स्टार्टर. तिथे छोटीने हात दिला तर दुखणं झाकलं जातं.

आराखडा पूर्ण झाला की एक खेळ खेळा. लाल पेन घ्या आणि कागदावरची एकेक वस्तू खोडा. कॉन्टॅक्टर गेला, हा फ्यूज गेला, हा नट सुटला, हा स्विच आतून वितळला. प्रत्येक वेळी विचारायचं, पंखा फिरतोय का? आणि तो फिरता ठेवायला मला किती स्विच टाकावे लागले? उत्तर एकापेक्षा जास्त आलं तर आराखडा परत काढायचा. मग तो परवानाधारक इंजिनिअरला दाखवा, त्यांची सही पुढे डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) कागदांतही कामी येते.

मग प्रत्यक्ष तेच. चाकांना ठोकळे, शेपूट दोरखंडाने बांधलेली, इंजिन क्रूझच्या आरपीएमवर, शेजारी अग्निशामक घेऊन एक माणूस. मेन मास्टर खाडकन बंद करा. दहा मिनिटं चालू द्या. नंतर छोटीचं फीड बंद करून उलटंही करा.

छोट्या बॅटरीची कुवत दरवर्षी मोजा, त्यासाठी महागडं यंत्र नको. जुन्या बाजारातून गाडीचे ५५ वॅटचे दोन हेडलाइट बल्ब आणा, बॅटरी पूर्ण भरा, दोन्ही बल्ब एकदम लावा. साधारण नऊ-साडेनऊ अँपिअर ओढतात, तुमच्या हिशेबाच्या जवळच. मोबाइलवर घड्याळ लावा आणि व्होल्टमीटर ११ ला येईपर्यंत थांबा. पन्नास मिनिटांच्या आत आला तर ती बॅटरी स्कूटरला द्या, विमानात नवीन टाका. ११ हा आकडा मात्र तुमच्या ईसीयूच्या मॅन्युअलमधल्या किमान व्होल्टेजशी जुळवून घ्या.

तर इंजिन कोणतं ते आधी कळवा, ईसीयू एक की दोन तेही. अर्थचे स्टड कुठे घेणार त्याचा फायरवॉलचा फोटो पाठवा. आणि पंपाचे अँपिअर नेमप्लेटवरचे नकोत, मोजलेले हवेत.